तांडेलाचा जबाब

हरेश्वरने त्या घडीला काय केलं, ते होडीतल्या उरलेल्या अकरा जणांपैकी एकालाही कळलं नाही. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही कळलं नाही. शेवटचे शंभर मीटर उरले होते. भारताची होडी तिसरी होती आणि चौथी होडी चांगली अर्धी होडीभर मागे होती. मागच्या टोकावर लांब वल्हं धरून उभ्या असलेल्या हरेश्वरने सरळ चाललेली होडी डावीकडे वळवली. बस, एवढंच. शेजारच्या रांगेतल्या होडीच्या वल्ह्यांवर यांच्या होडीचं तोंड खाडकन आपटलं, शिट्टी वाजली आणि पंचांच्या मोटरबोटीवर लाल बावटा वर गेला.

आशियातल्या पन्नासेक देशांचे खेळ चाललेले. त्या एवढ्या मोठ्या जत्रेत भारताचा लांब होड्यांचा संघ म्हणजे दहा वल्हेकरी, पुढे ढोल वाजवणारी एक मुलगी आणि मागे सुकाणूवर हरेश्वर. सोबत एक मॅनेजर. यांना निरोप द्यायला विमानतळावर कुणी आलं नव्हतं, आणि आता एका बावट्याने त्यांचं ब्राँझ गेलं होतं.

सेहेचाळीस वर्षांचा माणूस, त्यातली तीस वर्षं दर्यात गेलेली. शिकाऊ पोरानेही जे केलं नसतं ते त्याने कसं काय केलं? याचं उत्तर द्यायचं तर हा माणूस कोण, ते आधी सांगायला हवं.

हरेश्वर वेसाव्याचा. अंधेरीच्या पश्चिमेला टॉवर संपतात, रस्ता अरुंद होतो आणि सुक्या बोंबलांचा वास सुरू होतो, तिथला. त्याचे वडील तांडेल होते, तोही तांडेल. तांडेल म्हणजे बोट हाकणारा आणि बोटीवरचा शेवटचा शब्द. हा शब्दही हरेश्वरच्या तोंडून क्वचितच निघायचा. त्याची बायको कल्पिता अंधेरीच्या बाजारात मासळी विकते आणि दिवसाला हजार वाक्यं बोलते. ती म्हणायची, "आमच्या घरातला सगला बोलना माज्या वाट्याला आलाय. याला दोन कप चाय पाजला तवा एक 'हां' निगतो."

पण एक वाक्य मात्र हरेश्वर न अडखळता बोलायचा. 'चूक माझी.'

वेसाव्यातल्या जुन्या तांडेलांची ही रीत. बोटीवर काही बिघडलं की किनाऱ्याला लागल्यावर चार माणसं जमतात, आणि सगळ्यांच्या आधी तांडेलाने तोंड उघडायचं: चूक माझी. कुणाची आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा इंजिन बंद पडून हरेश्वरची बोट दीड दिवस नुसती वाहत राहिली. इंजिन दुरुस्त करणाऱ्याने नट नीट आवळला नव्हता, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी हरेश्वर उतरला आणि म्हणाला, "चूक माजी. मी तपासला नाय." लगेच तो मेकॅनिक पुढे आला, "नाय रं तांडेल, नट माज्या हातातला." मग एक खलाशी म्हणाला, "आवाज मना आदीच आलेला, मी बोललो नाय." अशी आपापल्या वाटणीची चूक ज्याने त्याने उचलली, चहा झाला आणि भांडण लागायच्या आत मिटलं. तिथे 'चूक माझी' म्हटलं की बोलणं सुरू होतं. पहिला दगड तांडेल स्वतःच्या डोक्यावर घेतो, कारण दुसऱ्यांना मग आपले दगड लपवायची लाज वाटते.

आता असा माणूस ट्रॅकसूट घालून देशाच्या संघात कसा गेला? तर संघाचा सराव चालायचा पवईच्या तलावावर. स्पर्धा मात्र समुद्रात. तलावात शिकलेला सुकाणूवाला चाचणीच्या दिवशी आडव्या वाऱ्यात होडी घेऊन थेट खडकांकडे निघाला. तेव्हा मॅनेजर निमेश घाबरून वेसाव्याच्या धक्क्यावर आला आणि विचारत सुटला की इथे सरळ रेषेत होडी नेणारा कोण आहे. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. हरेश्वरने दोन दिवस विचार केला आणि 'हां' म्हणाला. चहा न पिता म्हणाला, हे विशेष.

संघातली पोरं त्याला सर म्हणायला गेली, पण ते त्याच्या अंगाला चिकटेना. मग सगळी तांडेलच म्हणू लागली. त्यांतला कुंडलिक त्याला जास्त जवळचा झाला. परभणीकडचा हा पोरगा मरोळला एका टॉवरच्या गेटवर बारा तास वॉचमनची ड्युटी करायचा. पवईला पहिल्यांदा त्याला विचारलं, पोहता येतं का, तर म्हणाला, "विहिरीत येतं." पण खांदे असे की सगळी होडी त्याच्या तालावर चालायची. कुंडलिकने एकदाच, अगदी सरळ शब्दांत सांगून ठेवलं होतं, "तांडेल, या खेळांत पदक आलं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी आहे. चार महिन्यांनी माझं वय बसत नाही. पुढची स्पर्धा माझ्यासाठी नाही." गावी त्याची बायको होती, दीड वर्षाची मुलगी होती. ती मुलगी त्याला ओळखत नव्हती. हरेश्वर दुसऱ्या दिवसापासून सरावाला अर्धा तास आधी येऊ लागला.

तर त्या दिवशी, शंभर मीटर उरलेले असताना.

रांगा आखायला पाण्यात दोन्ही बाजूंना दोरीला ओवलेले नारिंगी बोये होते, शहाळ्याएवढे प्लास्टिकचे गोळे. आठवडाभर हरेश्वर त्यांच्या मधून होडी नेत होता, त्यांचं त्याला काही नव्हतं. पण तेवढ्यात एक बोया दोरीतून सुटला आणि लाटेबरोबर यांच्या रांगेत, होडीच्या तोंडासमोर आला. वल्हेकरी मान खाली घालून जीव काढत होते. ढोलवाल्या नमिताची त्या बाजूला पाठ होती. उभा होता तो एकटा हरेश्वर, आणि दिसला तो त्यालाच.

दर्यात बोया दिसला म्हणजे खाली कुणाचं तरी जाळं असतं. त्याच्यावरून बोट घालायची नाही. घातली तर आपल्या इंजिनाचा पंखा त्यात अडकतो, ते एक वेळ परवडलं, पण दुसऱ्याचं जाळं फाटतं, आणि दुसऱ्याचं जाळं फाडणाऱ्याला वेसाव्यात कुणी पाणी विचारत नाही. हे हरेश्वरला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे कधी शिकवलं ते आठवत नव्हतं. तीस वर्षांत त्याने काळोखात, धुक्यात, तापाने फणफणत असताना बोया चुकवला होता. डोळ्याला बोया दिसला की हात वळतो, मध्ये डोक्याला विचारायची पद्धतच नाही. इथेही हात वळले. बावटा वर गेला तेव्हा हरेश्वर आपल्या दोन हातांकडे बघत होता, हे कुणाचे म्हणून.

होडी किनाऱ्याला आली. कुंडलिक गुडघाभर पाण्यात उतरला, चार पावलं चालला आणि वाळूत बसकण मारून ओकला. बाकीचे हरेश्वरकडे बघत होते. राग यायला अजून वेळ होता, आधी त्यांना काही समजायला हवं होतं.

निमेश धावत आला. त्याच्याबरोबर पांढरी टोपी घातलेल्या पंचबाई होत्या. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"तांडेल, त्या विचारतायत होडी का वळली? पाण्यात काही अडथळा होता का?"

हरेश्वरने वाळूत बसलेल्या कुंडलिककडे बघितलं आणि म्हणाला, "चूक माजी."

"अहो ते ठीक आहे, पण काही आडवं आलं का?"

"चूक माजी हाय. लिव तसा."

निमेशने तसं सांगितलं. पंचबाई लगेच लिहीनात. त्यांनी हरेश्वरकडे जरा वेळ बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा, हळू विचारला. हरेश्वरने नाही म्हणून मान हलवली. मग तो वळून आपल्या माणसांकडे बघत थांबला. आता कुणीतरी पुढे येईल आणि म्हणेल, नाही तांडेल, माझंही वल्हं चुकलं. कुणीतरी म्हणेल, मीही बघायला हवं होतं. मग तो बोयाचं सांगेल, सगळे मिळून बोलतील. रीत तीच होती. पण कुणी आलं नाही. पंचबाईंनी कागद पुढे केला आणि हरेश्वरने त्यावर मराठीत सही केली, ठसठशीत, काना-मात्रा सांभाळून.

वीस मिनिटांनी खेळाडूंच्या तंबूत कुंडलिकने मोबाइलवर शर्यत लावली. काहीतरी कळावं म्हणून तो शेवटचा तुकडा पुन्हा पुन्हा बघत होता. चौथ्या वेळी त्याने चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि मोबाइल हरेश्वरच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"बोया."

"तुम्हाला दिसला होता?"

"दिसला म्हनून तर वलवली."

कुंडलिकचा आवाज चिरका निघाला, "प्लास्टिकचा गोळा होता ओ! वरून गेलो असतो तर कळलंही नसतं!"

"खाली जालं असतं," हरेश्वर म्हणाला. बोलता बोलताच त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते.

"कुणाचं जाळं?" ढोलवाली नमिता म्हणाली. मुलुंडची पोरगी ती, मासळी तिने फक्त ताटात बघितलेली. "तांडेल, कुणाचं जाळं? इथे?" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

निमेशचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तो खाली बसला आणि पुन्हा उभा राहिला. "अरे, सुटलेला बोया रांगेत आला तर शर्यत परत घेतात. नियम आहे. अर्ध्या तासात तक्रार द्यायची असते. म्हणून तर ती बाई दोन-दोनदा विचारत होती!" आणि तो पळत सुटला. अकराही जण त्याच्यामागे पळाले, हरेश्वरही पळाला.

पंचबाई बसल्या होत्या तिथेच होत्या. निमेशने मोबाइल दाखवला, नियम दाखवला, हात जोडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट त्यांनाही वाटत होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी तो कागद काढून टेबलावर ठेवला. अडथळा होता का, या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. कारण, या रकान्यात लिहिलं होतं 'सुकाणू धरणाऱ्याची स्वतःची चूक'. खाली सही, मराठीत.

विषय संपला. हरेश्वरने तो कागद हातात घेऊन आपलीच सही पुन्हा वाचली. होडी वळवली तेव्हा त्याला धक्का बसला होता खरा, पण ते हातांनी केलं होतं. हे त्याने तोंडाने, विचार करून, आपण चांगलं वागतोय अशा समजुतीने केलं होतं. चूक आपल्या अंगावर घेतली की दुसऱ्याचं भलं होतं, एवढं एकच शहाणपण तो आयुष्यभर बाळगून होता, आणि त्याच शहाणपणाने अकरा पोरांच्या हातातलं पदक गेलं होतं. वाट लागली, असं कुणीतरी मागे पुटपुटलं.

वेसाव्यात परत आल्यावर तर नवलच झालं. इथे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. "बोया होता ना?" म्हातारे तांडेल म्हणाले, "मंग वलवनारच." आणि पंचांना काय सांगितलंस? चूक माझी म्हणालो. "मंग? बरोबर बोललास." सगळ्या कोळीवाड्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्याची त्याला इतके दिवस आशा होती तेच घडत होतं, पण हरेश्वरला अन्न गोड लागेना. त्याच्या माणसांनी त्याला माफ केलं होतं, पण नुकसान त्यांचं झालंच नव्हतं.

एकटी कल्पिता तेवढी म्हणाली, "ते सगला ठीक. त्या परभनीच्या पोराचा काय?"

तो पोरगा एका रविवारी दुपारी स्वतःच आला. हरेश्वर ओट्यावर जाळं शिवत बसला होता. कुंडलिकला बघून तो सुई हातात घेऊनच उठून उभा राहिला. मारायला आला असता तर त्याने मार खाल्ला असता. पण कुंडलिकने चप्पल काढली, कल्पिताने दिलेलं पाणी प्यायला आणि पिशवीतून कागद काढले.

"अर्ज करतोय," तो म्हणाला. "पदक नाही, पण आयोजकांच्या चुकीने गेलं असं दाखवता आलं तर खास बाब म्हणून घेतात कधीकधी. व्हिडिओ जोडलाय. तुमचा खुलासा लागेल. तुमच्या हातचा."

हरेश्वर म्हणाला, "देतो. काय लिवू?"

"खरं ते लिहा. पण त्याआधी एक सांगा मला." कुंडलिक इतका वेळ खाली बघत होता, आता त्याने मान वर केली. "बोया चुकवलात ते मी समजून घेतलं. मला रात्रपाळीत झोपेत पण गेटचा हॉर्न ऐकू येतो, हात कुलपाकडे जातो. पण त्या बाईने विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"मना वाटला, मी आदी बोललो की मंग तुमी बोलाल," हरेश्वर म्हणाला. "सगले आपापला बोलतात. मंग निगता मार्ग."

"आम्हाला काय माहीत ओ? आम्हाला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे तुमचीच चूक." कुंडलिकचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्ही चूक माझी म्हणून मोकळे झालात, तांडेल. आम्हाला कुणी विचारलंच नाही."

हरेश्वर या वाक्याने जितका हादरला तितका त्या लाल बावट्यानेही हादरला नव्हता. मोकळे झालात! तो तर समजत होता की सगळं ओझं त्याने एकट्याने उचललंय. ओझं उचलताना त्याने होडीतल्या अकरा जणांची तोंडंही बंद केली होती, हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वडिलांचा राग आला, रीतीचा राग आला, आणि मग स्वतःचाच इतका राग आला की हातातली सुई त्याने अंगठ्यात घुसवून घेतली.

कल्पिताने पेन आणून दिलं. हरेश्वर लिहायला बसला. पहिली ओळ सोपी होती, नाव, गाव, वय. दुसरी ओळ, रांगेत सुटलेला बोया आला. तिसऱ्या ओळीला हात थांबला. पंचांना मी वेगळं सांगितलं होतं, हे लिहायलाच हवं होतं, नाहीतर खुलाशाला अर्थ नव्हता. पाच मिनिटं गेली. कल्पिता खांद्यावरून वाचत होती. ती बोलली नाही, हे त्या घरात पहिल्यांदा घडलं.

शेवटी त्याने लिहिलं, 'चूक माझी, असे मी पंचांना सांगितले. ते खोटे होते.'

आयुष्यात खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आता ते स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी समोर होतं. कुंडलिकने कागद वाचला, घडी घातली आणि निघताना पाया पडायला वाकला. हरेश्वर दोन पावलं मागे सरला.

पाच आठवडे गेले. हरेश्वर पुन्हा दर्यावर जाऊ लागला होता. रोज किनाऱ्याला लागलं की आधी मोबाइल बघायचा, नाहीतर एरवी त्याला महिना-महिना मोबाइल सापडत नसे. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास धक्क्यावर मासळी उतरवून घेताना फोन वाजला. कुंडलिकचं नाव बघून त्याने टोपली खलाशाच्या हातात दिली आणि बाजूला झाला.

"तांडेल, नाही झालं," कुंडलिक म्हणाला. "दोन जबाब जुळत नाहीत म्हणाले. तिथला पहिला, सहीचा, तोच धरला. नंतरचा म्हणे कुणीही लिहून देतो."

"मी येतो," हरेश्वर म्हणाला. "मी सोता येऊन सांगतो त्यांना."

"नका. फाईल बंद झाली. परवा माझं वयही संपलं."

धक्क्यावर लिलावाचा आरडाओरडा चालला होता. हरेश्वरने फोन कानाशी घट्ट दाबला. कुंडलिक लाईनवर होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि हरेश्वरच्या तोंडून आपसूक निघालं, "कुंडलिक, चूक मा..."

"ओ," कुंडलिक घाईघाईने म्हणाला, जवळजवळ विनवणीने. "ते परत नका म्हणू."

हरेश्वर गप्प झाला. पलीकडे कुंडलिकही थांबला होता, अगदी थांबला होता, की तांडेल दुसरं काही बोलतात का. बराच वेळ थांबून त्याने ड्युटी आहे म्हणून फोन ठेवला. हरेश्वर तसाच उभा राहिला. त्या एका वाक्याशिवाय अशा वेळी बोलायचं दुसरं वाक्य त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.